मागची सीट

"आता खालची ओळ वाचा," असं तो म्हणाला आणि त्याच क्षणी त्याला इंजिन ऐकू आलं. समोर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. नाकावर तपासणीची जड फ्रेम, एका डोळ्यावर काळी चकती, दोन्ही हात पर्सवर. त्यांनी ओळ वाचायला सुरुवात केली, पण त्याला त्यातलं एकही अक्षर कळलं नाही. आवाज नदीपलीकडून येत होता, जुन्या धावपट्टीच्या बाजूने. आधी कुणी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा, मग दोनतीनदा खोकल्यासारखा, मग अडखळत आणि मग अचानक भरघोस, एकसलग. रस्त्यावर कुणीही मान वर केली नाही. समोरचा फुलवाला बादलीतलं पाणी बदलत होता, दुकानाच्या काचेपाशी दोघी जणी गॉगलच्या फ्रेमकडे बघत हसत होत्या. त्या अख्ख्या रस्त्यावर फक्त त्यालाच ठाऊक होतं की हे नऊ सिलिंडरचं, फुलाच्या पाकळ्यांसारखं गोल मांडलेलं इंजिन आहे, ते युद्धाच्या काळातलं आहे, आणि त्याच्या जन्माआधीपासून ते मुकं पडलं होतं. त्याने ते कधी ऐकलेलंच नव्हतं. तरी ओळखलं. फोटोवरूनच ओळखीचं झालेलं माणूस स्टेशनवर समोर यावं तसं. आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. ते सुरू झालं होतं आणि तो तिथे नव्हता.

"अहो, मी केव्हाची वाचून थांबलेय," बाई म्हणाल्या. "तुम्हीच ऐकत नाही आहात."

"माफ करा. हे बरं दिसतंय, की हे?" त्याने भिंग बदललं. हात सवयीने चालले. बाईंना त्याने अगदी नेमका नंबर काढून दिला, फ्रेम निवडायला मदत केली, त्यांच्या नाकाला टोचणारी पट्टी वाकवून दिली. तोवर आवाज बंद झाला होता. आतून मात्र काहीतरी फिरायला लागलं होतं ते थांबेना. ड्रॉवर उघडला तर फोनवर धाकट्या भावाचे कॉल येऊन गेलेले, एकामागून एक. म्हणजे बोलावलं होतं. म्हणजे तक्रार करायलाही जागा ठेवली नव्हती. धाकट्याचं हे असं नेहमीचंच. तो तुमच्या वाटचं घेऊन जातो आणि वर तुमच्यावर उपकारही करून जातो, आणि दोन्ही त्याच्या गावीही नसतं.

दुकानाचं शटर ओढून तो स्कूटरवर बसला. पूल ओलांडताना त्याला वाटलं, आता जाऊन उपयोग काय. कित्येक वर्षांचे रविवार त्याने त्या हँगरमध्ये घातले होते. पत्र्याची ती लांबलचक शेड, उन्हाळ्यात तापून कडकड वाजणारी, थंडीत पाना हाताला चिकटावा इतकी गार. मध्ये ते दोन सीटचं शिकाऊ विमान, एकामागे एक बसायचं, अंगाने जाड, तोंडाने बोथट. त्यातून कधी कुणी कुणावर गोळी झाडली नव्हती. लढायला जाणारी पोरं आधी यात उडायला शिकायची, एवढंच. त्याला लढाईत रस नव्हता. त्याला नेमकं काय आवडत होतं हे त्याला कधी सांगता आलं नाही. प्रत्येक सिलिंडरच्या बारीक बारीक पात्यांमधली माती त्याने दात घासायच्या ब्रशने काढली होती. सगळ्या मोजयंत्रांच्या तबकड्या दुकानात नेऊन, चष्म्याच्या पेचकसाने उघडून, त्यांतले केसाएवढे काटे सरळ केले होते. मुख्य काम मिस्त्रीचं. मिस्त्री म्हणजे इंजिनांच्या सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला, तिखट जिभेचा माणूस. त्याने आल्या आल्या याचं नाव 'भिंग' ठेवलं होतं. उडवणार होते कॅप्टन. वायुदलातून निवृत्त होऊनही त्यांना जमाना झाला होता, पण याच जातीच्या विमानावर ते पहिल्यांदा एकट्याने उडाले होते, आणि ती गोष्ट ते वर्षातून एकदाच, थोडी घेतल्यावर सांगत. अशी तीन माणसं, चहाची किटली, आणि कुणी फारसं न बोलता जाणारा दिवस. त्याला ते पुरत होतं. पुरत होतं असं त्याला वाटायचं, धाकटा येईपर्यंत.

धाकट्याला आणलं त्यानेच. धाकटा पोहायला शिकवायचा. दुसऱ्या शहरात त्याचं लग्न मोडलं आणि तो दोन बॅगा घेऊन इकडे आला. महिनाभर यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. बायको म्हणाली, "अहो, त्याला तुमच्या विमानाकडे घेऊन जा ना. मन तरी रमेल." तो घेऊन गेला. पहिल्या दिवशी धाकटा कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिला. दुसऱ्या रविवारी त्याने पंखा फिरवायला खांदा लावला. असलं इंजिन बरेच दिवस उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरून साचतं, तसंच सुरू केलं तर आतला दांडा वाकतो, म्हणून आधी पंखा हाताने सावकाश फिरवून घ्यायचा असतो. पोहणाऱ्याचे खांदे ते. मिस्त्रीने नुसतं 'हं' केलं, आणि मिस्त्रीच्या तोंडून 'हं' निघायला याला दोन हिवाळे लागले होते. तिसऱ्या रविवारी धाकट्याने त्यांना तोंडाने इंजिनाचा आवाज काढून दाखवला आणि कॅप्टन डोळ्यांतून पाणी येईतो हसले.

तो आवाज याने शिकवलेला होता. लहानपणी विमानांची चित्रं कापून वहीत चिकटवायचा तो. कुठल्या विमानाला कुठलं इंजिन, ते पाण्याने गार होतं की वाऱ्याने, सगळं तोंडपाठ. धाकट्याला समोर बसवून तो सांगायचा, आधी खोकायचं, मग धाप लागल्यासारखं करायचं, मग एकदम गळा मोकळा सोडायचा. घरी पाहुणे आले की वडील हाक मारायचे ती धाकट्याला. "ये रे, विमान करून दाखव." आणि धाकटा सतरंजीच्या मधोमध उभा राहून हात पसरून ते विमान असं काही सुरू करायचा की पाहुण्यांच्या कपातला चहा सांडायचा. मग वडील याच्याकडे बघून म्हणत, "याला नावं सगळी पाठ आहेत हं." पाहुणे मान डोलावत. नावं पाठ असण्यावर कोण हसणार. त्या वेळी त्याच्या मनात जे यायचं त्याला नाव नव्हतं. पुढे नाव कळलं, पण कळून काही फरक पडला नाही.

हँगरपाशी पोचला तेव्हा निळसर धूर अजून छताखाली तरंगत होता आणि जळलेल्या तेलाचा गोडसर वास दारापर्यंत आला होता. धाकट्याच्या कपाळावर काजळी होती. तो पळत आला. "दादा, किती फोन केले तुला. मिस्त्री म्हणाले बॅटरी भरलीये, बघू तरी, आणि लागलंच की एकदम. माझा हात होता थ्रॉटलवर. अख्खं अंग थरथरत होतं माझं." त्याने दादाचे दोन्ही दंड धरून हलवले. मागून कॅप्टन म्हणाले, "भिंग, तुझे सगळे काटे बरोबर दाखवतायत." ते मनापासून म्हणाले. त्याने मान डोलावली. इंजिनच्या तोंडाशी जाऊन हात लावला. लोखंड गरम होतं. आपण ज्या माणसाच्या उशाशी वर्षानुवर्षं बसलो त्याने डोळे उघडून पहिलं पाहिलं ते भलत्याकडेच, असं काहीतरी त्याला वाटलं, आणि इतकं बालिश वाटण्याची लाजही वाटली.

त्या दिवशी जेवताना धाकट्याने वहिनीला सगळं सांगितलं. पंखा कसा जड लागतो, पहिला सिलिंडर पेटतो तेव्हा सीटखालून कशी लाथ बसते, मिस्त्री कसा धुरात उभा राहून शिव्या देत होता आणि त्याचे डोळे भरले होते. बायको घास हातात धरून ऐकत होती. "म्हणजे तो एवढा मोठा पंखा हाताने फिरवायचा?" तिने विचारलं. आणि याच्याकडे वळून, "तुम्ही मला हे कधी सांगितलंच नाहीत."

"सांगितलं होतं."

"हो का? मग ऐकू आलं नसेल. तुम्ही सांगता ते पंख्याला ग्रीस लावलं, अमुक नळी बदलली असं सांगता." ती हसली. वाईट अर्थाने नव्हे. धाकटाही हसला आणि म्हणाला, "दादाने नळी बदलली नसती तर मी आज भाजून निघालो असतो, वहिनी." बाजू घेत होता. त्याला वाटलं, याने एकदा तरी आपल्याविरुद्ध काही बोलावं, एकदा तरी नीच वागावं, म्हणजे आपल्याला जरा मोकळा श्वास घेता येईल. हात धुताना बेसिनपाशी त्याने नळ उगाचच जोरात सोडला.

कॅप्टनची वैद्यकीय तपासणी महिनाअखेरीला होती. दर वर्षी डॉक्टर त्यांच्या छातीचे कागद बघून जास्तच वेळ गप्प बसायचे. "त्याच्या आत हे विमान एकदा वर नेऊन आणतो," कॅप्टन म्हणाले. "पुढचं कुणी सांगावं." रविवारची सकाळ ठरली. मागच्या सीटवर काटे बघायला एक माणूस हवा होता, आणि हे बोलणं निघालं तेव्हा सगळे किटलीभोवती उभे होते. मिस्त्री कपांत चहा ओतत होता. त्या क्षणात त्याला वाटलं की आपलं नाव आता हवेत आहे, फक्त कुणी हात वर करून ते घ्यायचं आहे. मग कॅप्टन म्हणाले, "धाकटा बसेल. भिंग, तुला मागे माझ्या छोट्या विमानात काय झालं होतं आठवतंय ना?" आठवत होतं. पहिल्याच वळणावर पोटातलं सगळं बाहेर आलं होतं आणि कॅप्टनना आपला रुमाल टाकून द्यावा लागला होता. सगळे हसले. तोही हसला. "बरोबरच आहे," तो म्हणाला. बरोबरच होतं. हेच सगळ्यात वाईट होतं.

शनिवारी दुपारी इंजिन पुन्हा थोडा वेळ चालवलं, आणि नंतर तेलाची जाळी उघडून धुण्याचं काम नेहमीप्रमाणे त्याच्याकडे आलं. बाकीचे बाहेर विमान पुसत होते. त्याने जाळी रॉकेलच्या थाळीत बुडवली, हलवली, उजेडाकडे धरली, आणि तिच्यात काहीतरी चमकलं. खिशातलं भिंग काढून बघितलं. कण होते. बारीक, पिवळसर, मिठाच्या दाण्यासारखे. लोहचुंबक फिरवला तर काही चिकटले, बरेचसे चिकटले नाहीत. म्हणजे पोलाद नव्हे, पितळेच्या जातीचं काहीतरी. मुख्य बेअरिंग झिजायला लागलं तर असंच दिसतं. नवीन जुळवलेलं इंजिन पहिल्यांदा चाललं तरी असंच दिसतं. मिस्त्री नेहमी म्हणायचा, चिमूटभर चालतं. ही चिमूट होती की चिमटीच्या वर? त्याने कण पांढऱ्या फडक्यावर घेतले, पसरले, गोळा केले, पुन्हा पसरले. जमवले की जास्त वाटत, पसरले की कमी. आयुष्यभर तो लोकांना विचारत आला होता, हे बरं की हे, आणि त्याला माहीत होतं की माणसं डोळ्यांना दिसतं ते नेहमीच सांगत नाहीत, जे दिसावंसं वाटतं ते सांगतात. तरुण बायका चष्मा नको म्हणून धूसर अक्षरंसुद्धा धडाधड वाचतात. आता त्या खुर्चीत तो स्वतः बसला होता आणि भिंगं बदलायला पलीकडे कोणीही नव्हतं. उद्याचं उड्डाण रद्द व्हावं असं त्याला वाटत होतं. ते कण दिसण्याच्या आधीपासून वाटत होतं. मग कण दिसले. आता या कणांवर विश्वास कसा ठेवायचा? आणि नाही ठेवला तर?

त्याने फडकं घडी करून चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत ठेवलं आणि डबी खिशात टाकली. मिस्त्रीने बाहेरून विचारलं, "जाळी कशी आहे?" "स्वच्छ केली," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं.

संध्याकाळी घरी धाकटा जरा शांत होता. लवकर जेवला, लवकर आपल्या खोलीत गेला. बायको म्हणाली, "उद्या मीही येणार आहे बघायला." या सगळ्या वर्षांत ती एकदाही आली नव्हती. तो गॅलरीत उभा राहिला. खाली कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. आणि मग ते चित्र आलं, त्याने न बोलावता. विमान धावपट्टीच्या टोकावर वर चढतंय, आवाज तुटतोय, पंख कलतोय. ते तसं दिसणं तो समजू शकला असता, भीतीने माणसाला काहीही दिसतं. पण चित्र तिथे थांबलं नाही. नंतरचं दिसलं. तो स्वतः मधोमध उभा, बायकोचं डोकं त्याच्या खांद्यावर, मिस्त्री त्याचा हात धरून म्हणतोय, तुझ्याच जिवावर उभं राहिलं होतं रे इंजिन. सगळे त्याच्याकडे वळलेले. आणि त्या चित्राला ऊब होती. थंडीत हात चहाच्या कपाभोवती धरावेत तशी. त्याने कठड्याला घट्ट धरलं. आपण इतकी वर्षं आपल्याला जरा कोरडे, जरा हिशेबी, पण बरे समजत आलो. हा माणूस कोण आहे, जो स्वतःच्या भावाला पाडून त्याच्या जागी शेकत बसलाय? बाहेरच्या खोलीत धाकट्याचा दिवा अजून चालू होता. आत जाऊन सांगावं असं त्याला वाटलं. मग वाटलं, सांगितलं तर तो म्हणेल, दादा, तू म्हणशील तसं. आणि ते त्याला नको होतं. तो झोपायला गेला. झोप लागली नाही, पण तो उठलाही नाही.

सकाळी हँगरबाहेर बरीच माणसं जमली होती. पुढच्या सीटवर कॅप्टन, अंगात उडण्याचा जुना सूट, पोटावर थोडा ताणलेला. धाकटा मागच्या सीटवर बसून पट्टे आवळत होता. मिस्त्रीने चाकांपुढचे ठोकळे काढायला हात घातला आणि तेव्हा तो पुढे झाला. "थांबा," तो म्हणाला. आवाज फारच लहान आला, म्हणून पुन्हा म्हणाला. डबी उघडून त्याने फडकं पंखावर पसरलं. मिस्त्रीने बोटाने कण चोळले, हुंगले. "नव्या इंजिनाला एवढं येतं," तो म्हणाला.

कॅप्टन खाली उतरले. "भिंग, तुझी खात्री आहे?"

"नाही."

"मग?"

"खात्री नाही. पण हे असं वर जाऊ नये."

"हे तू काल बघितलंस. काल का नाही बोललास?"

त्याने डबी मिटली, पुन्हा उघडली. बायको गर्दीच्या कडेला उभी होती. तिने नजर खाली केली. कुणीतरी खोकलं. कॅप्टननी त्या कणांकडे नव्हे, त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि त्यांना कळलं असं त्याला वाटलं. नक्की काय कळलं ते नाही, पण कळलं. तरी उडवणाऱ्या माणसाला 'खात्री नाही' हे दोन शब्द ऐकल्यावर पुढे जाता येत नाही. मागच्या सीटवरून धाकट्याचे पट्टे सुटल्याचा आवाज आला. तो पंखावर उतरला आणि म्हणाला, "दादाला दिसलंय ना. मग उघडूया."

इंजिन उघडलं. ते काही डब्याचं झाकण नव्हे. मिस्त्रीने ते गाड्यावर उतरवलं, एकेक सिलिंडर सुटा केला, आणि या सगळ्या काळात तो भिंगशी कामापुरतंच बोलला. धाकटा रोज संध्याकाळी पोहण्याचे वर्ग आटोपून यायचा, केस ओले, आणि मुकाट्याने दादाच्या शेजारी बसून बोल्ट धुवायचा. त्याला बोलायला दुसरे बरेच होते. तो दादाच्याच शेजारी बसायचा. मुख्य बेअरिंग निघालं तेव्हा मिस्त्रीने ते पुसून उजेडात धरलं. आरशासारखं. ओरखडासुद्धा नाही. कण आले होते ते तेलाच्या पंपातल्या एका नव्या बुशीचे, म्हणजे दांड्याभोवतीच्या पितळी नळीचे; थोडी घासून जागेवर बसत होती बिचारी. मिस्त्रीने ती बुश त्याच्या तळहातावर ठेवली. "भिंग," तो म्हणाला, "आता तुझेच डोळे तपासून घे एकदा. ओळखीचा चष्मेवाला आहे माझ्या." सगळे हसले. हसण्यात विष नव्हतं, पण पुढे तो आला की किटलीभोवतीचं बोलणं जरा थांबायचं आणि मग दुसऱ्या विषयावर सुरू व्हायचं.

महिनाअखेर येऊन गेली. डॉक्टरांनी कॅप्टनना उडायला मनाई केली, कायमची. कॅप्टन दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये आले, नेहमीच्या खुर्चीत बसले, चहा प्याले. जाताना विमानाच्या शेपटीवर हात फिरवून गेले. त्याने ते पाहिलं. त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्याने वाक्यही जुळवलं होतं. पण धाकटा आधीच कॅप्टनबरोबर त्यांच्या गाडीपर्यंत चालत गेला होता, त्यांची पिशवी हातात घेऊन, आणि दोघं गाडीपाशी उभे राहून किती तरी वेळ बोलत होते. त्याला दुःख झालं, लाजही वाटली, आणि या दोन्हींच्या खालून ते जुनंच वर आलं: हेही यानेच करायचं का?

इंजिन पुन्हा चढायला थंडी उजाडली. उडवायला एक तरुण पायलट मिळाली, पिकांवर औषध फवारणारी विमानं चालवणारी मुलगी, कमी बोलणारी, च्युइंगम चघळणारी. उड्डाणाच्या सकाळी मागच्या सीटशी धाकटा गेला, आणि वळून कॅप्टनना म्हणाला, "चला, बसा." कॅप्टन म्हणाले, "काहीतरीच काय." धाकटा म्हणाला, "डॉक्टरांनी उडवायला मनाई केलीय. बसायला नाही." मिस्त्रीने तोंड फिरवून नाक पुसलं. कॅप्टनना वर चढायला दोघांना आधार द्यावा लागला, एक हात धाकट्याचा, एक त्याचा. विमान धावलं, शेपटी उचलली, आणि मग ते जमिनीवर नव्हतं. आवाज छातीतून गेला. दोघं भाऊ गवताच्या कडेला उभे राहिले. बाकीचे पुढे, धावपट्टीपाशी पळाले होते.

"हे तुला कसं सुचतं?" त्याने विचारलं. त्याला ते कौतुकाने विचारायचं होतं, पण तसं निघालं नाही.

"काय?"

"त्यांना बसवायचं."

धाकटा वर बघत होता. "दादा, मला बसायचंच नव्हतं. त्या दिवशीही नव्हतं. रात्रभर मी जागा होतो, सकाळी दोनदा उलटी झाली. पाण्यात मला कशाची भीती नाही, पण ते वर... सगळे एवढे खूश होते, तू पण, वहिनी पण. नाही म्हणवलं नाही. तू 'थांबा' म्हणालास तेव्हा मला रडू येणार होतं." तो थोडा थांबला. "मग सगळे तुला हसायला लागले, आणि मी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं."

विमान नदीवरून वळलं. उन्हात पंख एकदा लखलखला. इतकं सोपं आहे का हे, त्याला वाटलं, नुसतं तोंड उघडायचं आणि भीती बाहेर ठेवायची, पिशवीतलं सामान ओट्यावर काढून ठेवावं तशी? हेही हा माणूस किती सहज उरकतो.

"मला तू त्या सीटवरून उतरायला हवा होतास," तो म्हणाला. "कण होते. पण नसते तरी मी काहीतरी शोधलं असतं."

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं नाही. "ठाऊक होतं मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू ती डबी उघडलीस तेव्हाच. तुझा चेहरा काय लपतो का, दादा? मला तर लहानपणापासून ठाऊक आहे." मग म्हणाला, "बघ, उतरतायत."

विमान दोन उड्या घेऊन टेकलं. कॅप्टन खाली आले तेव्हा टोपीने केस चपटे झाले होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. चेहरा नुकत्याच झोपेतून उठवलेल्या मुलाचा. मिस्त्री त्यांना हाताला धरून सावलीत घेऊन गेला. भिंगला तो चेहरा स्वतःसाठी हवा होता. आणि त्याच्या लक्षात आलं की या सगळ्या वर्षांत आपण कधी मागितलंच नाही. वाट बघितली. कुणीतरी ओळखावं, कुणीतरी आपणहून द्यावं, म्हणून कोपऱ्यात काटे सरळ करत बसलो, आणि ज्याला मिळालं त्याचा राग राग केला. पायलट मुलगी इंजिनाखालून तेल गळतंय का ते वाकून बघत होती. तिला अजून एक फेरी मारायची होती, तिने तसं आधीच सांगितलं होतं. तो तिच्यापाशी गेला.

"मला चक्कर येते," तो म्हणाला. "उलटीही होते. तरी मला वर यायचंय."

तिने च्युइंगम गालात सरकवला. "पिशवी आहे?"

"नाही."

"टोपी आहे ना? बसा मग."

पट्टे धाकट्याने बांधले. पंखावर गुडघे टेकून, जीभ ओठात धरून, एकेक बकल ओढून बघत. "घट्ट होतंय?" "नाही." "दूर बघत राहा दादा, जवळ बघू नकोस. पोहायला नवीन आलेल्यांना मी तेच सांगतो." समोर तबकड्यांचे काटे शून्यावर स्वस्थ उभे होते. पंखा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, खालून लाथ बसली, आणि अख्खी खुर्ची, पाठ, दात, सगळं एकदम थरथरायला लागलं. धाकटा खाली उतरून वाऱ्यात डोळे बारीक करून उभा राहिला. हात हलवण्यासाठी त्याने वर केला. पण तो मध्येच राहिला, खांद्याएवढ्या उंचीवर, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, पुसटसं, स्वतः त्याच्याही नकळत. भीती गेली नव्हती त्याची, पण भीतीवरही मात करणारं असं ते होतं. त्या अख्ख्या मैदानात ते फक्त एकालाच ओळखता आलं; पाहुण्यांसमोर धाकटा विमान करायचा तेव्हा त्याच्या स्वतःच्या मनात तेच यायचं. त्याला आनंद झाला. तो चांगल्या जातीचा आनंद नव्हता हे त्याला माहीत होतं. त्याने तो परत केला नाही. मग विमान वळलं, धावपट्टी समोर आली, आणि भाऊ दिसेनासा झाला.